दिव्यांग विद्यार्थ्यांची दहावीनंतरची शिष्यवृत्ती: दाखल्यापासून खात्यात पैसे जमा होईपर्यंत

कायमचे अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा खरा खर्च कॉलेजच्या फीच्या पावतीवर दिसत नाही. बसमध्ये चढता येत नाही म्हणून रोजची रिक्षा, पुस्तक वाचून दाखवणारा माणूस, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, कॅलिपरची दुरुस्ती, सोबत येणाऱ्या आईचा किंवा वडिलांचा बुडणारा रोज. केंद्र आणि राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांमध्ये फीबरोबर या खर्चासाठीही रक्कम धरलेली असते आणि ती हक्काची आहे. अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा साध्या कारणांनी: नावाचे स्पेलिंग जुळत नाही, बँक खाते आधारला जोडलेले नाही, उत्पन्नाचा दाखला जुना आहे, किंवा आपल्याला लागू न पडणारी योजना निवडली गेली आहे. म्हणून या लेखात ऑनलाइन फॉर्मपेक्षा कागदांवर जास्त भर आहे. दहावी-बारावीची परीक्षा संपली की निकालाची वाट न बघता हे काम हाती घ्या. निकालानंतर प्रवेशाची धावपळ सुरू होते आणि त्यात कागद मागे पडतात.

यूडीआयडी कार्ड आणि ४० टक्क्यांची रेषा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वे आहेत. त्यातल्या कोणत्याही प्रकारात ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व प्रमाणित झाले तर त्याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. या लेखातल्या जवळजवळ सगळ्या शिष्यवृत्त्या तिथूनच सुरू होतात. केंद्राच्या योजनांसाठी यूडीआयडी (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) क्रमांक, किंवा निदान त्याचा नोंदणी क्रमांक, लागतोच. जिल्हा रुग्णालयाचा हाताने लिहिलेला जुना दाखला असेल तर तो जपून ठेवा, पण त्यावर विसंबू नका.

अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा चढवायचा, अपंगत्वाचा प्रकार सांगायचा आणि तपासणीसाठी रुग्णालय निवडायचे. रुग्णालय निवडताना जवळचे कोणते यापेक्षा आपल्या अपंगत्वाची तपासणी कुठे होते हे बघा. अस्थिव्यंगाची तपासणी बऱ्याच ठिकाणी होते, पण श्रवणदोषासाठी ऑडिओमेट्रीची सोय आणि बौद्धिक अक्षमतेसाठी मानसशास्त्रज्ञ हवा. ते उपजिल्हा रुग्णालयात नसले तर फेरी वाया जाते. आधी फोन करून तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचा वार विचारा. जाताना जुने केसपेपर, शस्त्रक्रियेचे कागद, एक्स-रे, ऑडिओग्राम, दृष्टीचा अहवाल असे सगळे मूळ प्रतींसह न्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे दाखला देण्यासाठी ३ महिन्यांची मुदत आहे. जून-जुलैत प्रवेश घ्यायचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच अर्ज टाकलेला बरा.

कार्डाच्या रंगावरून टक्केवारीचा गट कळतो. पांढरे म्हणजे ४० च्या खाली, पिवळे म्हणजे ४० ते ७९, निळे म्हणजे ८० किंवा जास्त. पांढरे कार्ड हाती आले तर लगेच निराश होऊ नका, पण एक गोष्ट नक्की तपासा. तुम्हाला दोन अपंगत्वे असतील आणि बोर्डाने एकच मोजले असेल, तर टक्केवारी कमी लागलेली असू शकते. एकापेक्षा जास्त अपंगत्वे असताना टक्केवारीची सरळ बेरीज होत नाही. जास्तीची टक्केवारी घ्यायची, ती ९० मधून वजा करायची, उरलेल्या आकड्याला कमी टक्केवारीने गुणून ९० ने भागायचे आणि येईल ते जास्तीच्या टक्केवारीत मिळवायचे. पायाचे अपंगत्व ३५ टक्के आणि श्रवणदोष २० टक्के असेल तर ९० वजा ३५ म्हणजे ५५; ५५ गुणिले २० भागिले ९० म्हणजे सुमारे १२; एकूण ४७. एकेकटे दोन्ही दाखले ४० च्या खाली, पण एकत्र मोजले की विद्यार्थी पात्र. बहुविकलांगतेच्या दाखल्याचा नमुना वेगळा असतो, म्हणून बोर्डासमोर दोन्ही तक्रारी पहिल्याच दिवशी सांगा. निकाल पटला नाही तर कायद्यात अपिलाची तरतूद आहे. त्यासाठी दाखल्याची प्रत आणि बोर्डाने पाहिलेले अहवाल जोडून लेखी अर्ज करावा लागतो.

दाखल्यावर आणखी एक शब्द बघायचा: कायम की तात्पुरता. कालांतराने बदलू शकणाऱ्या स्थितीत बोर्ड ठरावीक मुदतीचा दाखला देते. अर्जाच्या दिवशी तो वैध असला तरी अभ्यासक्रमाच्या मधल्या वर्षात संपला तर त्या वर्षीचे नूतनीकरण अडकते. कार्डावरची मुदतीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि ६ महिने आधी फेरतपासणीला अर्ज करा.

एकच नाव, सगळीकडे

महाराष्ट्रात ही अडचण सर्वांत जास्त येते, म्हणून जरा सविस्तर. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असते आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत. आधारवर बहुधा नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो. बँकेने वडिलांच्या नावाचे एकच अक्षर घेतलेले असते आणि यूडीआयडीच्या फॉर्ममध्ये घाईत ते गाळलेलेच असते. माणूस बघितला की एकच आहे हे कळते. संगणकाला कळत नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर तुमचे नाव थेट आधारवरून उचलले जाते. मग बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून पाहिले जातात.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव आणि जन्मतारीख प्रमाण माना, कारण ते बदलणे सर्वांत अवघड. त्याप्रमाणे आधार दुरुस्त करा. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून अर्ज भरणाऱ्याला स्पेलिंग तोंडी सांगू नका. प्रमाणपत्र समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. आधार दुरुस्त झाले की यूडीआयडी, मग बँक खाते, मग उत्पन्नाचा दाखला. उलट्या क्रमाने गेलात तर आधारमधली एक दुरुस्ती बाकीच्या तीन कागदांना पुन्हा हात लावायला भाग पाडते. नावांचा फक्त क्रम वेगळा असेल तर बहुधा निभावते, पण आद्याक्षर विरुद्ध पूर्ण नाव, किंवा लग्नानंतर बदललेले आडनाव, हे हमखास अडते.

बँक खाते

पैसे खाते क्रमांकावर येतात असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात थेट लाभ हस्तांतरात ते आधार क्रमांकावर येतात आणि राष्ट्रीय देयक महामंडळाच्या (एनपीसीआय) नोंदीत त्या आधारसमोर जी बँक लिहिली असेल तिथे जमा होतात. आधार बँकेत दिले म्हणजे ही नोंद झाली असे नाही. केवायसीसाठी आधार देणे वेगळे आणि लाभ जमा होण्यासाठी सीडिंग, म्हणजे ही नोंद, करणे वेगळे. बँकेत सीडिंगचा संमती फॉर्म वेगळा मागून घ्या. माय आधार संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस या पर्यायात ओटीपी टाकला की कोणती बँक जोडलेली आहे आणि ती सक्रिय आहे का, हे दिसते. हे पान अर्जाआधी एकदा आणि पैसे यायच्या सुमारास पुन्हा एकदा बघा. मधल्या काळात दुसऱ्या बँकेत नवे खाते उघडले आणि तिथे सीडिंग केले तर पैसे तिकडे वळतात.

खात्याचा प्रकारही बघायला हवा. पुरेशा कागदांशिवाय उघडलेल्या छोट्या खात्यावर रिझर्व्ह बँकेच्या मर्यादा आहेत: वर्षभरात एकूण जमा १ लाख रुपये, शिल्लक ५० हजार, महिन्याला पैसे काढणे १० हजार. अभियांत्रिकीची फी परत मिळायची असेल तर ती अशा खात्यात अडकू शकते. पूर्ण केवायसी करून ते साधे बचत खाते करून घ्या. शाळेत असताना उघडलेले, दोन वर्षांत एकही व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय होते. ते आधी सुरू करून घ्या. खाते विद्यार्थ्याच्याच नावाचे हवे. दृष्टिहीन किंवा सही न करू शकणाऱ्या विद्यार्थ्याला खाते नाकारण्याचा बँकेला अधिकार नाही, अंगठा चालतो.

उत्पन्नाचा दाखला

दाखला तहसीलदारांचा लागतो. तलाठ्याचा चौकशी अहवाल हा त्याचा आधार आहे. तोच शिष्यवृत्तीला जोडला तर अर्ज परत येतो. आपले सरकार पोर्टल, सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून अर्ज करा. सोबत रेशन कार्ड, आधार, स्वयंघोषणापत्र आणि तलाठी अहवाल. नोकरदारांना फॉर्म १६. दाखल्याची वैधता ३१ मार्चला संपते, म्हणून मार्चमध्ये काढलेला दाखला जुलैत उपयोगाचा नसतो. एप्रिल-मे हा योग्य काळ. जूनमध्ये सेतूसमोरच्या रांगा आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. अधिवासाचा दाखला नसेल तर तोही याच फेरीत काढा.

कोणती योजना घ्यायची: आकडे मांडून ठरवा

एकाच वर्षात दोन सरकारी शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत. त्यामुळे योजना निवडताना कागद-पेन घेऊन हिशेब करणे गरजेचे आहे.

केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत आहे. आई-वडिलांचे एकत्र वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. देशभरात १७,००० जागा आहेत, निम्म्या मुलींसाठी, आणि निवड गुणांवर होते. सक्तीची, परत न मिळणारी फी वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत मिळते. त्याशिवाय पुस्तकांसाठी वर्षाला १,५०० रुपये आणि अपंगत्व भत्ता: दृष्टिदोष व बौद्धिक अक्षमतेसाठी वर्षाला ४,०००, इतरांसाठी २,०००. दरमहा निर्वाह भत्ता अभ्यासक्रमाच्या गटावर ठरतो:

- अभियांत्रिकी, वैद्यकीय, व्यवस्थापन अशा पदव्या: वसतिगृहात राहणाऱ्यांना १,६००, घरून जाणाऱ्यांना ७५०
- फार्मसी, नर्सिंग, विधी अशा इतर व्यावसायिक शाखा: १,१०० आणि ७००
- बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. आणि तत्सम: ९५० आणि ६५०
- अकरावी, बारावी, आयटीआय, पॉलिटेक्निक: ९०० आणि ५५०

एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) सक्षम शिष्यवृत्ती तंत्रशिक्षणाच्या पदवी किंवा पदविकेला पहिल्या वर्षात, अथवा थेट दुसऱ्या वर्षात, प्रवेश घेतलेल्यांसाठी आहे. संस्था एआयसीटीई मान्यताप्राप्त हवी आणि कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत. वर्षाला सरसकट ५०,००० रुपये. ते फी, संगणक, पुस्तके, साहित्य कशावरही खर्च करता येतात.

टॉप क्लास शिष्यवृत्ती केंद्राने अधिसूचित केलेल्या नामांकित संस्थांसाठी आहे. जागा ३००, उत्पन्न मर्यादा ८ लाख. शिकवणी फी २ लाखांपर्यंत, वसतिगृहात राहणाऱ्यांना दरमहा ३,००० आणि घरून जाणाऱ्यांना १,५००, वाचक किंवा मदतनीसासाठी दरमहा २,००० रुपयांचा विशेष भत्ता, पुस्तकांना वर्षाला ५,०००, आणि संपूर्ण अभ्यासक्रमात एकदा संगणक व साहित्यासाठी ३०,००० रुपये.

आता हिशेब. भत्ता दहा महिन्यांचा धरू. कोल्हापूरला वसतिगृहात राहून बी.ए. करणारा दृष्टिहीन विद्यार्थी, फी १२,०००: निर्वाह भत्ता ९,५००, पुस्तके १,५००, अपंगत्व भत्ता ४,०००, फी १२,००० मिळून २७,०००. त्याने केंद्राच्या मॅट्रिकोत्तर योजनेलाच अर्ज करावा. सक्षम त्याला लागूच नाही.

अस्थिव्यंग असलेली अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, फी ९५,०००, वसतिगृह, उत्पन्न २ लाख २० हजार: मॅट्रिकोत्तरमधून १६,००० अधिक १,५०० अधिक २,००० अधिक ९५,००० म्हणजे १,१४,५००, सक्षममधून ५०,०००. इथेही मॅट्रिकोत्तर दुपटीहून जास्त देते, आणि तरी अनेक जण सक्षमकडे वळतात, कारण कॉलेजात तीच माहीत असते. पण तिच्याच वर्गातल्या मुलाचे कौटुंबिक उत्पन्न ३ लाख असेल तर केंद्राच्या मॅट्रिकोत्तरचे दार बंद आणि केंद्राच्या योजनांत सक्षम हाच मार्ग. पॉलिटेक्निकला घरून जाणाऱ्या आणि फी जेमतेम १०,००० असलेल्या मुलालाही सक्षमचे ५०,००० जास्त पडतात.

आयआयटी आणि एनआयटीमध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांची शिकवणी फी पूर्ण माफ असते. त्यामुळे तिथले विद्यार्थी फीच नाही तर शिष्यवृत्ती कशाला असे म्हणून टॉप क्लासचा अर्जच करत नाहीत. फी सोडली तरी वसतिगृहात राहणाऱ्याला दरमहा ५,०००, पुस्तके आणि संगणक मिळून पहिल्या वर्षी ८५,००० रुपये होतात. ते सोडू नयेत.

केंद्राच्या मॅट्रिकोत्तर योजनेत एकाच आई-वडिलांच्या दोनच मुलांना लाभ मिळतो. दुसऱ्या वेळी जुळी झाली असतील तर त्या दोघांनाही मिळतो. नापास होऊन तोच वर्ग पुन्हा करावा लागला तर त्या वर्षाचे पैसे मिळत नाहीत. आजारपण किंवा शस्त्रक्रियेमुळे वर्ष वाया जाणार असेल तर परीक्षेला बसून नापास होण्यापेक्षा विद्यापीठाकडे रीतसर खंड मागता येतो का, हे आधी विचारा.

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज

पोर्टल साधारण जून-जुलैत उघडते आणि शरद ऋतूत बंद होते. नेमकी तारीख योजनेगणिक वेगळी असते आणि पोर्टलच्या पहिल्या पानावर असते. शेवटच्या आठवड्यात पोर्टल रखडते. ऑगस्ट संपायच्या आत अर्ज गेलेला असावा.

१. आधी एकदाच करायची नोंदणी. आधार आणि मोबाइल टाकल्यावर संदर्भ क्रमांक येतो, मग पोर्टलच्या मोबाइल ॲपवर आधार फेस आरडी ॲपच्या मदतीने चेहऱ्याची ओळख पटवावी लागते. ती झाली की १४ अंकी ओटीआर क्रमांक मिळतो. हा संपूर्ण शिक्षणभर तोच राहतो. वहीत लिहा, फोनमध्ये लिहा, घरच्यांनाही द्या.

मोबाइल स्वतःचा किंवा घरातला द्या. सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकला की पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि दुकान बंद झालेले असते.

चेहरा ओळखताना ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगते. दृष्टिहीन विद्यार्थी, कृत्रिम डोळा असलेले, चेहऱ्याच्या स्नायूंवर ताबा नसलेले विद्यार्थी इथे अडतात. फोन दुसऱ्याने डोळ्यांच्या रेषेत धरावा, प्रकाश समोरून यावा, मागे कोरी भिंत असावी, काळा चष्मा काढावा. तरीही जमले नाही तर अर्ज सोडून देऊ नका. पडद्याचा फोटो काढून पोर्टलच्या मदत कक्षाला आणि कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याला (शिष्यवृत्तीचे काम बघणारा) त्याच दिवशी लेखी कळवा. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसी दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्याचे, डोळ्यांच्या उघडझापेला पर्याय देण्याचे निर्देश दिले आहेत आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. पत्रात या निकालाचा उल्लेख अवश्य करा.

२. अर्जात संस्था निवडताना जिल्हा व नावाने शोधा आणि कॉलेजचा एआयएसएचई कोड, कनिष्ठ महाविद्यालय असेल तर युडायस कोड, कार्यालयातून घेऊन पडताळा. एका नावाची अनेक कॉलेजे असतात. चुकीचे निवडले तर अर्ज भलत्याच संस्थेच्या लॉगिनला जाऊन पडून राहतो. कॉलेज यादीत दिसतच नसेल तर त्यांची नोंदणी राहिलेली आहे. ती करणे प्राचार्यांच्या हातात आहे. जुलैतच लेखी अर्ज द्या.

३. फीचे रकाने पावती बघूनच भरा. अनामत रक्कम, म्हणजे ग्रंथालय किंवा प्रयोगशाळेची परत मिळणारी ठेव, यात धरायची नाही. पावतीवर नुसता एकूण आकडा असेल तर कार्यालयाकडून फीची फोड करून घ्या. ही फोड नसली की तपासणारा अधिकारी आकडा कापतो किंवा अर्ज परत पाठवतो. वसतिगृह की घरून, हा पर्याय नीट निवडा. वसतिगृह निवडले तर तिथल्या अधीक्षकांचे पत्र जोडा.

४. कागद २०० केबीच्या आत हवेत. मोबाइलने काढलेला फोटो दाबून लहान केला की शिक्का आणि अक्षरे पुसट होतात. त्याऐवजी कृष्णधवल स्कॅन करा आणि अपलोड केल्यावर उघडून वाचून बघा. कार्डावरची टक्केवारी आणि क्रमांक वाचता आलाच पाहिजे.

५. अंतिम सादर झाल्यावर छापील प्रत आणि कागद कॉलेजात द्या आणि पोच घ्या. पहिली तपासणी संस्था करते, दुसरी वरचे कार्यालय. विद्यार्थ्यांची मुदत संपल्यावर संस्थेला तपासणीसाठी साधारण दोन आठवडे मिळतात. या दोन आठवड्यांत दर दोन दिवसांनी स्थिती बघा. अर्ज सदोष म्हणून परत आला तर दुरुस्तीची मुदत फार थोडी असते आणि एसएमएसवर विसंबून राहता येत नाही. शिष्यवृत्तीचा कारकून रजेवर असणे, नोडल अधिकारी बदलून गेलेला असणे अशा कारणांनीही बिनचूक अर्ज पडून राहतात. प्राचार्यांना भेटण्याचा संकोच करू नका.

महाडीबीटी आणि राज्याची योजना

उत्पन्न अडीच लाखांवर आहे, गुण कमी आहेत, किंवा केंद्राच्या जागांत क्रमांक लागण्याची खात्री नाही, अशांनी महाडीबीटीवरची, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची, दिव्यांग व्यक्तींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पाहावी. ४० टक्के अपंगत्व आणि महाराष्ट्राचे अधिवास या तिच्या मुख्य अटी. निर्वाह भत्त्याचे दर केंद्रापेक्षा कमी आहेत, पण फीचा भार हलका होतो. बेळगावहून किंवा पणजीहून पुण्यात शिकायला आलेल्या मराठी मुलाला ती मिळणार नाही, कारण अधिवास बाहेरचा. त्याने राष्ट्रीय पोर्टलच धरावे.

महाडीबीटीवर आधी प्रोफाइल पूर्ण भरावे लागते. त्यात अपंगत्वाची माहिती भरली नाही तर योजनेच्या यादीत दिव्यांग योजना दिसतच नाही, आणि मग आपल्यासाठी काही नाही असा समज होतो. उत्पन्नाच्या दाखल्याचा बारकोड टाकला की माहिती आपोआप येते. ती न आल्यास क्रमांकातले शून्य आणि ओ तपासा. अभ्यासक्रमाचे वर्ष, प्रवेशाची तारीख आणि सीईटी कक्षामार्फत प्रवेश असल्यास त्याचा अर्ज क्रमांक प्रवेशपत्राशी जुळायला हवा.

अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त किंवा ओबीसी प्रवर्गातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांनी सामाजिक प्रवर्गाच्या शिष्यवृत्तीशीही तुलना करावी. कुठल्या योजनेत फी पूर्ण मिळते आणि कुठे दिव्यांग भत्ता मिळतो, हे मांडून मग एकच निवडावी. मुलींनी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णयही बघावा: व्यावसायिक अभ्यासक्रमांना आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची शिकवणी व परीक्षा फी त्यात पूर्ण माफ आहे.

ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी

हा पैसा फार कमी विद्यार्थी मागतात. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. शहराजवळच्या किंवा कारखाने असलेल्या गावात तो चांगला असतो, लहान वाडीत नाममात्र. ग्रामसेवकांकडे आपली दिव्यांग नोंदवहीत नोंद आहे का विचारा आणि लॅपटॉप, तीनचाकी, प्रवास अशा नेमक्या गरजेचा अर्ज यूडीआयडीच्या प्रतीसह द्या. शिक्षणासाठी मदत हवी असे मोघम लिहिण्यापेक्षा वस्तू आणि दुकानाचे दरपत्रक जोडलेले चांगले. निधी ३१ मार्चच्या आत खर्च करायचा असतो, त्यामुळे अर्ज दिवाळीच्या आसपास पोहोचावा. श्रवणयंत्र, व्हीलचेअर, ब्रेल साहित्यासाठी केंद्राची एडिप योजना आहे. मासिक उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर साधन मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत.

संशोधन आणि परदेशी शिक्षण

पीएच.डी. साठी दिव्यांगांची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, वर्षाला २०० जागा. परदेशात पदव्युत्तर किंवा पीएच.डी. करायची असेल तर राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती: वर्षाला २०, त्यातल्या ६ मुलींसाठी. वय ३५ च्या आत, आधीच्या पदवीला ६० टक्के, उत्पन्न ८ लाखांच्या आत. फीव्यतिरिक्त अमेरिकेसाठी वर्षाला १५,४०० डॉलर आणि ब्रिटनसाठी ९,९०० पौंड निर्वाह भत्ता मिळतो. लंडन किंवा न्यूयॉर्कचे भाडे पाहता ही रक्कम अपुरी आहे, म्हणून लहान शहरातले विद्यापीठ निवडणे आणि तिथल्या विद्यापीठाच्या दिव्यांग सेवा कक्षाकडून वाचक, सहायक तंत्रज्ञान वगैरे वेगळे मिळवणे हेच व्यवहार्य ठरते.

पैसे येईपर्यंत आणि न आल्यास

शिष्यवृत्ती बहुधा शैक्षणिक वर्षाच्या शेवटी येते, कधी पुढच्या वर्षात जाते. तोवर फी भरायची कशी, हा खरा प्रश्न आहे. प्रवेशाच्या वेळीच प्राचार्यांकडे अर्जाची पोच जोडून हप्त्यांची लेखी मागणी करा. पीएफएमएसच्या (सरकारी पैशांच्या वाटपाची केंद्राची प्रणाली) संकेतस्थळावर शिष्यवृत्तीच्या अर्ज क्रमांकावरून पैसे कुठवर आले ते बघता येते. मंजूर दिसत असूनही खात्यात नसेल तर आधी सीडिंग, मग खात्याचा प्रकार तपासा. दोन्ही ठीक असतील तर चूक वरच्या कार्यालयात आहे.

पहिली तक्रार पोर्टलच्या तक्रार कक्षात नोंदवा आणि क्रमांक जपा. मग कॉलेजचा नोडल अधिकारी, जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग, पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय, या क्रमाने लेखी जा. उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून तीनच गोष्टी विचारा: माझा अर्ज सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, त्याच्याकडे कोणत्या तारखेला आला, आणि त्याने काय शेरा मारला. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. अर्ज कुठे अडकला आहे ते एवढ्याने कळते. तरीही मार्ग निघाला नाही तर राज्याच्या दिव्यांग व्यक्ती आयुक्तांकडे तक्रार करता येते. कायद्याने त्यांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार दिलेले आहेत आणि तिथे वकील लागत नाही. साध्या कागदावर तारीखवार घटनाक्रम लिहा, प्रत्येक तारखेसमोर पोच जोडा आणि शेवटी नेमकी मागणी लिहा: अमुक वर्षाची अमुक रक्कम.